डब्यावरच्या विनताबाई

महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दुपारी विनताबाईंच्या दाराची कडी वाजवायची नाही, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं. त्या दिवशी बाई भाकर भाजायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, त्याच्यासाठी. सकाळपासून उपाशी, डोक्यावर पदर, तोंडातून चकार शब्द नाही. मैदा, मीठ, पाणी, चमचाभर तेल आणि जाड तवा. दिसायला आपली पातळ, पांढरी पोळीच. पण त्या तिला भाकर म्हणायच्या, कारण त्यांच्या बायबलात भाकर आहे. रविवारी पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर, तिच्यावर प्रार्थना करून ती मोडायचे आणि सगळी मंडळी एकेक तुकडा घ्यायची, येशूची आठवण म्हणून.

आम्ही बौद्ध. देवधर्माचं नाव निघालं की माझं डोकं गरम होतं, आणि मी ते लपवतही नाही. तरी भिंतीला भिंत लागून घर, भाजल्याचा वास यायचाच. एकदा मी विचारलंच, "काहून उपाशी राहता हो एवढ्या? तोंडात घास टाकला तर देव रागावते का?"

"पाहुण्यांच्या आधी घरची बाई जेवते का, लताबाई?" त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान श्यामसुंदर रेल्वेत होते. शेवटी फार आजारी पडले, हॉस्पिटलात होते. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी भाकर मागितली. भाकर तर घरात होती, त्याच शनिवारी भाजलेली, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेली. पण पाळकसाहेब बाहेरगावी गेलेले, आणि प्रार्थना झाल्याशिवाय ती नुसती पोळी, असं विनताबाईंचं ठाम मत. नुसती पोळी मरत्या माणसाला भाकर म्हणून कशी द्यायची? फसवणूकच ती. "येतीलच पाळकसाहेब, थोडं थांबा," म्हणत राहिल्या. श्यामसुंदरजी काही थांबले नाहीत. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता, आणि मग कितीतरी वेळ त्या निवडलेलीच मेथी पुन्हा निवडत बसल्या.

आणि नेमकं हेच भय्यासाहेबांना ठाऊक होतं.

भय्यासाहेब त्यांच्याच चर्चच्या कमिटीवर, श्यामसुंदरजींच्या वेळी हॉस्पिटलात येऊन गेलेले. ओमतीच्या बाजारात त्यांचं दुकान. बायबल, कॅलेंडर, कागदाच्या चांदण्या, वचन छापलेले चहाचे मग, गाडीत लटकवायचे क्रूस, नाताळात बटण दाबलं की नाचणारा लाल टोपीवाला म्हातारा. गोड माणूस, बोलायला तर तूप! एका संध्याकाळी आले आणि म्हणाले, "आजी, जे आजारी आहेत, अंथरुणाला खिळलेत, त्यांच्यासाठी छोट्या डब्यात भाकर पाठवू या. पास्टर घरी जाऊन प्रार्थना करतील. कोणी बिचारा तसाच जायला नको."

कोणी तसाच जायला नको. बस, बाई विरघळल्या. मी भिंतीआडून ऐकून राहिली होती, मला तेव्हाच काहीतरी खटकलं. पण म्हटलं, आपण परधर्माचे, कशाला मध्ये तोंड घालायचं?

मग काय, दर शनिवारी भाजणं सुरू झालं. नंतर बुधवारीही. भय्यासाहेबांनी गॅसची मोठी शेगडी पाठवली. एक दिवस फोटो काढायला माणूस आला. बाईंना पांढरी साडी नेसवली, हात जोडायला लावले. "कशाला हो?" त्या विचारत होत्या. "आजी, लोकांना कळलं पाहिजे ना, कोणाच्या हातची आहे," भय्यासाहेब म्हणाले. एक पैसा बाईंनी घेतला नाही. सेवा आहे म्हणाल्या.

नाताळच्या आधी माझी सून मॉलमध्ये गेली होती. तिथे त्या नाचणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी डब्यांचा मनोरा रचलेला. तिने एक आणून माझ्या हातात ठेवला. सोनेरी डबा, वर आमच्या विनताबाई हात जोडून, आणि खाली हिंदीत छापलेलं: 'आजी की आशीष रोटी. विश्वास से खाइए, चमत्कार देखिए.' बीमारी, नोकरी, शादी, कशाकशावर गुण येतो ते सगळं दिलं होतं. फक्त पाळकाचं नाव कुठे नव्हतं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तो डबा बाईंना दाखवावा की नाही, याचा मी विचार करून राहिली होती, तेवढ्यात शकुचं ते प्रकरण झालं.

शकु आमच्या मागच्या गल्लीत राहते, ब्लाउज शिवायच्या दुकानात काम करते. मराठी घर, पण पोरगी बोलते हिंदी. तिच्या आईला फिट येते. गोळ्या चालू होत्या, बरं चाललं होतं. शकुने तसाच एक डबा आणला. आता ग्वारीघाटला जाऊन नर्मदामाईचा प्रसाद घेणारी पोर ती, तिला डब्यातली भाकरही प्रसादच वाटणार. आणि डब्यावर लिहिलंय विश्वासाने खा. गोळ्या चालू ठेवल्या तर विश्वास कसला, असा तिने हिशेब लावला आणि गोळ्या बंद केल्या. आईला स्वयंपाक करतानाच फिट आली. पेटत्या शेगडीवर हात. मीच ऑटोत घालून नेलं तिला. ती बाई कशी ओरडत होती, ते मला आठवावंसंही वाटत नाही. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं काही सरळ व्हायची नाहीत आता.

मग मात्र मी डबा नेऊन विनताबाईंच्या पुढ्यात आपटला. झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून स्वतःचा फोटो पाहिला, खालचं वाचलं, पुन्हा वाचलं. "लताबाई, चला," एवढंच म्हणाल्या.

ओमतीला दुकानात भय्यासाहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. बाईंनी चहाला हात लावला नाही.

"याच्यावर प्रार्थना कोण करते?"

"आजी, आता इतक्या घरी पास्टर कुठे कुठे जाणार? लोकांना आधार पाहिजे असतो. मी कोणाला म्हटलं का, औषध बंद करा?"

"छापलं तर तुम्हीच आहे!" मी म्हटलं.

"भाभीजी, तुम्ही शांत राहा. आजी, तुम्हाला त्रास होत असेल तर फोटो काढून टाकू. दुसरा लावू. भाजायलाही मिळेल कोणी."

बाई उठल्या. घरी येईपर्यंत ऑटोत मी भय्यासाहेबांच्या नावाने बोटं मोडत होते.

विनताबाईंच्या ओट्यावर शकु बसली होती. हातात तसाच सोनेरी डबा, नवा. विनताबाई दिसल्या तशी तिने वाकून त्यांच्या पायावर डोकं टेकलं. डब्यावरचा देवच समोर आला ना!

"आजी, पहली बार मेरा ही विश्वास कम पड़ गया," ती म्हणाली. "इस बार आप हाथ लगाकर दे दीजिए. माँ की उँगलियाँ ठीक हो जाएँगी."

विनताबाई तिच्याशेजारी ओट्यावर बसल्या. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "लताबाई, चहा आणा."

मी आणला. त्यांनी डबा फोडला, भाकर काढली, अर्धी मोडली आणि कपात बुडवली. ज्या बाईने कधी तिचा कण खाली पडू दिला नाही, त्या बाईने! चहा साडीवर सांडला. तशीच चावून खाल्ली.

"पोळी आहे ही, शकु. मैदा आणि मीठ. हिच्यात काही असतं तर माझा माणूस मागून राहिला होता, मी त्याला दिली नसती का गं? डब्यात होती माझ्या. दिली नाही मी." आता त्या रडत होत्या. "आईला गोळ्या दे. घे, ही खा चहाबरोबर."

उरलेली अर्धी त्यांनी शकुच्या हातात ठेवली. शकु मान हलवत होती, जी आजी, जी आजी म्हणत होती. मग तिने तो तुकडा कपाळाला लावला, ओढणीच्या टोकाला नीट गाठ मारून बांधला आणि घाईघाईने घराकडे निघाली. आजीच्या हातची मिळाली होती तिला.

विनताबाईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं. मी तिच्यामागे धावले, गोळ्या माझ्या हाताने शकुच्या आईला दिल्या, आजही रोज जाऊन देते.

पुढचा शनिवार महिन्यातला पहिला होता. दुपारी मी सवयीने कडी वाजवली नाही. भिंतीपलीकडून वासही आला नाही. संध्याकाळी डोकावले, तर बाई तवा धुऊन पालथा घालून बसल्या होत्या, सकाळपासून उपाशीच.

"उद्या चर्चमध्ये काय करतील मग?" मी विचारलं.

"डबे आहेत ना," त्या म्हणाल्या.