मशीन पुसायचं लिक्विड आणि माझी नात

माझ्या फरशीचं कौतुक सगळ्या करून जातात, पण ती कशानं पुसली हे एकीनंही विचारलं न्हाई. त्यात काय हाय हे मीसुद्धा विचारलं न्हाई, नुसतंच मिरवलं. बायांनो, राम राम.

लेक चाकणच्या कंपनीतून मशीन पुसायचं लिक्विड पाण्याच्या बाटलीत भरून आणतो. फरशी त्यानंच पुसतो आमी. आज सकाळी रांगत्या नातीचे गुडघे लालबुंद दिसले.

मी लेकाला विचारलं, "कंपनीत हे उघड्या हातानं वापरतोस व्हय रे?"

"न्हाई आई, हातमोजे घालावेच लागतात."

"मग तुझ्या पोरीचे मोजे कुठं हायेत?"

मी बाटली त्याच्याच डब्याच्या पिशवीत घालून परत धाडली. आता फरशीला रिठ्याचं पाणी. चमक गेली, ती मला खटकते. खटकू दे.

ज्यांचा नवरा न्हाईतर लेक कंपनीत हाय, त्यांनीच सांगा, तुमच्या मोरीत कसली बाटली हाय? बाकीच्यांनी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकू नका.