पांढुर्णा ते सौंसर: अकरा श्रोते आन् एक खरी चिठ्ठी

चाळीसेक किलोमीटरच्या प्रवासाला कोणी दौरा म्हणत नाही. आमच्या गजूभाऊने म्हटलं. नुसतं म्हणून थांबला नाही, पिकअपच्या मागे बॅनर बांधला: ‘गोल्डन संत्रा म्युझिकल ग्रुप, पांढुर्णा-सौंसर दौरा’. बॅनरवर चौघांचे फोटो. माझा सगळ्यात लहान, आन् तोही नेमका दोरी बांधायच्या जागी. गळ्याला फास लावल्यासारखी दिसत होते.

आम्ही जुन्या सिनेमाची गाणी गातो. गजूभाऊ गायक आन् निवेदक, दिवसा खताच्या दुकानात. वासनिकभाऊ ऑक्टोपॅडवर, दिवसा शाळेत क्लार्क. कीबोर्डवर आमचे हे, धंदा वायरिंगचा. मी ब्लाउज शिवते. शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून. गाण्यात मी ‘लेडीज आवाज’. म्हणजे गजूभाऊने दोन ओळी म्हणायच्या, मी एक म्हणायची, आन् मधे नुसतं आ-आ करायचं. अठरा वर्षं झाली. एकटीचं गाणं एकदाही मिळालं नाही.

म्हणून निघताना मी सगळ्यांना सांगून टाकलं, ‘या दौऱ्यात माझं एक गाणं झालं तर झालं. नाहीतर बुधवारपासून मी नाही. दुसरी पाहा.’

गजूभाऊ म्हणाला, ‘पाहू ना वहिनी, पब्लिकनं फर्माईश केली तर.’

कोणतं गाणं ते विचारू नका. सांगितलं तर तुम्ही लगेच मोबाइलवर मूळचं लावाल आन् मग माझं काय राहील?

सोमवार, पांढुर्णा

मुक्काम नाही, खर्च नाही, कारण आम्ही इथलेच. एका गार्डन हॉटेलच्या मालकाला सोमवार-मंगळवार गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून त्याने आम्हाला बोलावलं. आम्ही गेल्यावरही मिळालं नाही. पांढुर्णा जिल्हा झाला, साहेब लोक आले, त्यांच्या गाड्या आल्या, पण सोमवारी संध्याकाळी सात वाजता ऐकायला माणसं आली सात. त्यातली सहा एकाच टेबलावर. तिसऱ्या गाण्याला त्यांच्यातले एक काका उठून स्टेजजवळ आले. मला वाटलं, आली फर्माईश.

‘भाऊ, थोडं हळू वाजवा ना. आम्ही पोरगी पाहून राहिलो. तिचं नाव ऐकू नाही आलं अजून.’

मग तासभर आम्ही कुजबुजल्यासारखं वाजवलं. पोरगी पसंत पडली म्हणे. निदान तिचा तरी कार्यक्रम झाला.

आता चिठ्ठ्यांचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑर्केस्ट्रात लोक चिठ्ठी पाठवतात, निवेदक वाचतो, ‘अमक्या गावचे तमके यांची फर्माईश.’ लोकच नसले तर चिठ्ठी कोण पाठवणार? आम्हीच. साउंड लावेपर्यंत मी कोपऱ्यात बसून पंधरा-वीस चिठ्ठ्या लिहिते. गाव आजूबाजूचं, नाव मनातलं. हे काम माझ्याकडे का, तर माझं अक्षर इतकं गचाळ आहे की ते पब्लिकचंच वाटतं. दरवेळी मी त्यात एक चिठ्ठी माझ्या गाण्याची घालते. दरवेळी गजूभाऊ ती ओळखतो आन् खिशात टाकतो. सोमवारीही टाकली.

मंगळवार, जामसांवली मार्गे सौंसर

तुम्ही जाणार असाल तर बसने जा, तासा-सव्वा तासात सौंसर. पिकअपमध्ये स्पीकरवर बसून जाऊ नका, माझी कंबर अजून दुखून राहिली. रस्ता मात्र हिवाळ्यात पाहण्यासारखा. दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे, कापूस वेचणाऱ्या बाया, संत्र्याचे क्रेट भरलेल्या गाड्या. बगीच्याजवळ गाडी थांबवून घासाघीस केली तर गावापेक्षा स्वस्त मिळतात. आम्ही एक क्रेट घेतला. गजूभाऊने सौंसर येईपर्यंत चौदा संत्री खाल्ली आन् मग म्हणाला, घसा बसल्यासारखा वाटून राहिला.

जामसांवलीच्या देवळापाशी गाडी अडकली. मंगळवार हा मारुतीचा वार हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. नारळवाल्यांपासून रस्त्यापर्यंत माणूसच माणूस. तुम्हाला निवांत दर्शन पाहिजे तर मंगळवार-शनिवार सोडून जा. इथला मारुती पहुडलेला आहे. त्याच्यापुढे उभं राहून गजूभाऊने गर्दी मागितली. गर्दी होतीच, सगळी तिथेच होती. मी काय मागितलं ते तुम्हाला माहीत आहे.

सौंसरला बसस्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले. तर्री वरून पुन्हा मागा, देतात. प्यायचं पाणी मात्र आधी हाताशी ठेवा.

कार्यक्रम त्याच मालकाच्या दुसऱ्या हॉटेलच्या लॉनवर. खुर्च्या शंभर. माणसं अकरा, त्यातली चार हॉटेलची. वासनिकभाऊ म्हणाले, ‘आपण चौघं खाली बसलो तर पंधरा होतील.’

सुरुवात झाली. गजूभाऊने गठ्ठ्यातली माझी चिठ्ठी काढून खिशात टाकली. दोन गाण्यांनंतर वेटरने आणखी एक चिठ्ठी आणून दिली. गजूभाऊने उघडली, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आन् चुरगळून खाली टाकली. गोळा माझ्या चपलेजवळ आला. मी उचलून पाहिला तर अक्षर सुंदर. एकेक काना उभा. मेडिकलच्या बिलामागे लिहिलेलं: ‘ज्या ताई मघापासून मधे मधे गातात, त्यांचं एकटीचं एक जुनं गाणं ऐकायचं आहे.’

माझ्या हातात माइक होता आन् तो चालू होता, हे मला नंतर कळलं.

‘गजूभाऊ, हे काहून फेकलं?’

‘वहिनी, पुरे करा ना आता. दुसऱ्या कागदावर लिहिलं म्हणून मले कळणार नाही का?’

‘माह्यं अक्षर असं आहे का? अठरा वर्षं माह्या खोट्या चिठ्ठ्या वाचल्या, आन् एक खरी आली तर फेकली!’

अकराच्या अकरा माणसं पहिल्यांदा आमच्याकडे बघायला लागली. मागच्या खुर्चीवरून एक बाई उभी राहिली. माझ्याच वयाची, हातात औषधाची पिशवी.

‘म्याच लिवली ताई. भांडण मंग करा, आधी म्हणा. माह्यी आठची बस आहे.’

पावणेआठ झाले होते. गजूभाऊने आपला माइकचा स्टँड माझ्यापुढे सरकवला. वाईट माणूस नाही तो.

आता ऐका. आमच्या ह्यांनी सूर दिला तो गजूभाऊच्या पट्टीचा. दुसरी पट्टी माझ्यासाठी कधी कोणी काढलीच नव्हती, आन् घाईत मलाही सांगता आलं नाही. सांगायला माहीत तरी कुठे होतं? मी सुरू केलं. खालचे सूर लागेचनात. पहिला अंतरा विहिरीतून बोलल्यासारखा गेला. दुसऱ्यात शब्द विसरले, तिथे आ-आ केलं, त्याची सवय आहे. बाई डोळे मिटून ऐकत होती. मग तिने घड्याळ पाहिलं, पिशवी उचलली, मला दुरूनच हात जोडले आन् निघाली. माझं अर्धं गाणं बाकी होतं. ते मी वेटर लोकांसाठी म्हटलं. थांबले मात्र नाही.

रात्रीच पिकअपने परत निघालो. तिगावच्या अलीकडे गजूभाऊ हळूच म्हणाला, ‘वहिनी, झालं ना मग गाणं?’

‘झालं,’ मी म्हटलं. ‘लय बेकार झालं.’

‘हाव,’ तो म्हणाला. खरं बोलला म्हणून मी त्याला एक संत्रं सोलून दिलं.

घरी

खर्च म्हणाल तर पोहे आन् संत्री, बाकी मालकाच्या अंगावर. थकवा भरपूर. फोटो एकही चांगला नाही. तुम्ही हा प्रवास कराल तर देवदर्शन, बगीचे, तर्री, एका दिवसात आरामात होतं. ऑर्केस्ट्रा सोबत नेऊ नका.

मला मात्र एक नुकसान झालं. गाणं मिळालंच नसतं तर बुधवारी सगळं सोडून, मले गाऊच दिलं नाही म्हणत जन्मभर ऐटीत बसता आलं असतं. ती सोय गेली. आता मला माहीत आहे की दिलं होतं आन् मी खराब गायले. तेही त्या बाईपुढे, जिने औषधाच्या बिलावर मला ताई लिहिलं होतं.

बुधवारी सकाळी सहाला मी ह्यांना उठवलं.

‘अवं, आज कुठं कार्यक्रम आहे?’

‘कुठंच नाही. कीबोर्ड लावा. माह्यी पट्टी शोधायची आहे.’

एकेक सूर करत निघालो. काळी एक, खाली. काळी दोन, नाही. पांढरी चारला थोडं बरं. काळी चारला आवाज असा वर गेला की मीच दचकले. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, ‘वहिनी, सगळं ठीक आहे ना?’

‘खाली घेऊ का?’ ह्यांनी विचारलं.

‘नको,’ मी म्हटलं. ‘पुन्हा द्या.’