काचेवरची वसाहत

हायपोचा, फोटो पक्का करायच्या पाण्याचा, वास थोडा खाडीसारखा असतो, थोडा धुतलेल्या जखमेसारखा. महिन्यापूर्वी दाभोळहून माणूस निरोप घेऊन खेडला आमच्या दारी आला, तेव्हा तो काही बोलण्याआधीच मला तो वास आला... कुठून, ते सांगता येत नाही. माझ्या थोरल्या भावाने, दादांनी, न्हाणीघराला काळा पडदा लावून सारे आयुष्य त्या वासात काढले होते.

चौदा सालच्या महायुद्धानंतर खाडीवरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, एका धनिकाने कौलांचा कारखाना काढला आणि त्याच्याभोवती कामगारांची आखीव वसाहत वसवली. सरळ रस्ते, सारखी घरे, शाळा, बाजार. त्या सगळ्याची छायाचित्रे घेण्याचे काम दादांकडे आले. पहिले चित्र त्यांनी घेतले ते उघड्या जांभ्यावर ओढलेल्या चुन्याच्या रेघांचे. मग मुंबईच्या गिरण्यांतून माणसे परतू लागली आणि दादांनी प्रत्येक कुटुंब त्याच्या दारात उभे करून टिपले. भट्टीवरचा एक गडी ओरडला, "दादानू, मना जरा गोरा काडा हां!" काळ्या कापडाआडून दादा म्हणाले, "काचेवर सगळं उलटं उमटतं, तिथं गोराच येशील रे! कागदावर उतरलास की पुन्हा आहेस तसा." सारी आळी हसली होती.

मंदीत कारखाना बुडाला. सुटीच्या भोंग्यानंतर फाटकातून लोटणारी गर्दी धरावी म्हणून दादांनी ओळखीने चलच्चित्राचा कॅमेरा मागवला होता. तो हाती आला तेव्हा भोंगाच थांबला होता. त्यांनी रिकाम्या रस्त्यासमोर उभे राहून त्याची मूठ फिरवली. माणसे पुन्हा मुंबईला गेली. वासे, दरवाजे, चिरे विकले गेले; उरली जोती. गाव आता फक्त दादांच्या काचांवर होते.

पुढे छातीच्या दुखण्याने ते मुंबईच्या दवाखान्यात पडले असता इकडे पावसाळा लागला. पावसातून जे जगवायचे ते आमच्याकडे चुलीवरच्या माळ्यावर जाते... बियाण्याचे भात, आमसुले. काचांना बुरशी लागू नये म्हणून वहिनींनी त्यांच्या पेट्या तिथेच चढवल्या. धुराने बियाणे तगते. काचेवरचा सरसाचा थर मात्र उबेने पाघळला आणि काचा एकमेकींना चिकटल्या. परतल्यावर दादांनी पेटी उघडली. "पाऊस सोसायचं सगळं तिथंच राहतं ना हो आपल्याकडे?" वहिनींनी विचारले. दादांनी चिकटलेल्या काचांवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "बियाण्यासारखं जपलंस गो." त्यानंतर अखेरपर्यंत ते गार तुरटीच्या पाण्यात एकेक काच सोडवीत बसले. कुणाचे कपाळ सुटून येई, कुणाची नुसती दाराची चौकट. खोकल्याची उबळ आली की हात पाण्याबाहेर काढत, ती ओसरेपर्यंत थांबत, आणि पुन्हा बुडवत.

दादांच्या तेराव्यानंतर मी दाभोळलाच वहिनींपाशी राहिले होते. एका दुपारी काशीबाई म्हणून एक बाई तरीतून खाडी ओलांडून आली. "ताईनू, दादांनी आमचा फोटू काडला व्हता. पोराला बापूस दावायचाय." भट्टीची भिंत कोसळून तिचा नवरा गेला तेव्हा मूल पोटात होते. नवऱ्याचे दुसरे चित्र कुठेही नव्हते.

दादांनी कोपऱ्यात कोरलेल्या घराच्या आकड्यावरून काच सापडली. मी तिला छपाईचा कागद लावून, दोन्ही लाकडी चौकटीत बसवून ती अंगणातल्या उन्हात ठेवली, जसे दादांनी मला लहानपणी शिकवले होते. कागद हळूहळू तांबूस होत गेला. उंबरा उमटला, दाराची फळी, नव्या लुगड्याचा काठ. चेहऱ्यांपाशी थर निघून काच कोरी पडली होती. तिथे ऊन थेट लागून कागद काळा, आणखी काळा होत राहिला. वहिनी दारातून पाहत होत्या. त्या आत निघून गेल्या.

"चेहरा नाही उरला, काशीबाई," मी म्हणाले. "दाराच्या चौकटीवर टेकलेला हा एक हात तेवढा आहे... तोही कुणाचा, कोण सांगणार?"

ती वाकली. कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिने सावकाश पदर डोक्यावर ओढून घेतला, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"ह्येंचा."