जावांच्या दाराची कडी

पंख्याच्या तीन पात्यांपैकी दीड पातं पुसून झालं होतं. चेनवाली स्टुलावर उभी, एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हाताने पंख्याची दांडी धरलेली, आणि खाली शिलाई मशीनवर ठेवलेला फोन एकसारखा टुणटुण करत होता. एकदा वाजला तर गिऱ्हाईक असतं. एवढा वाजतोय म्हणजे कुणीतरी गेलं असणार. ती बेताने खाली उतरली, चष्मा शोधला आणि वाचलं. गेल्यातच जमा होतं. ‘आतून कडी’ बंद होणार होती. दोनच शुक्रवार उरले होते.

चेनवाली हे नाव तिला गल्लीने ठेवलेलं. जाकीट असो, पर्स असो, प्रवासाची बॅग असो, चेनचे दात तुटले की माणसं तिच्याच दारात. दुसरा फेकून द्या म्हणेल ती बॅग ही चालती करून देई. देवाने हात दिले जोडायला आणि जीभ दिली उसवायला. दोन्ही कामं ती मन लावून करत असे.

‘आतून कडी’ ही खुनाची मालिका. अठरा वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी. तिच्यातला इन्स्पेक्टर प्रेताभोवती एक फेरी मारायचा, मिशीवरून बोट फिरवायचा आणि विचारायचा, “कडी आतून होती की बाहेरून?” एवढं विचारलं की निम्मा खून उलगडलाच म्हणून समजा. चेनवालीच्या नवऱ्याचा त्या मिशीवर फार जीव. शुक्रवारी घरात पाहुणा आला तर तो चहासुद्धा विचारायचा नाही. नवरा गेला, तेव्हापासून ती त्याच्या वतीने बघत होती, आणि शुक्रवारच्या प्रार्थनेत शेवटी देवाकडे निरोप द्यायची, “त्यांना सांग, आज खुनी मामा निघाला.” देवाला सगळं ठाऊक असतं हे तिलाही ठाऊक होतं. पण देवाच्या मागे हजार व्याप, सांगितलेलं बरं. आता मालिकाच बंद झाली तर कुठल्या तोंडाने आणि कसला निरोप द्यायचा?

“ऐकलंत का जाऊबाई!” पलीकडून आवाज आला. “तुमचा मिशीवाला घरी बसतोय म्हणे. सुटलो बाई एकदाचे!”

ही धाकटी जाऊ. घराचे दोन भाग झालेले. एकात चेनवाली एकटी, दुसऱ्यात दीर आणि धाकटी. मध्ये एक दार. त्या दाराला चेनवालीने नऊ वर्षांपूर्वी, नवऱ्याचं दिवसकार्य व्हायच्या आत, आपल्या बाजूने कडी ठोकली होती. तेव्हापासून ते दार उघडलं नव्हतं. बोलणं मात्र कडीला कधी जुमानत नाही. धाकटी दाताच्या दवाखान्यात पेशंटांना नंबर द्यायची आणि घरी येऊन जाऊबाईंना चिमटे. शुक्रवारी तर चेवच चढायचा. मालिका रंगात आली की भिंतीपलीकडून ओरडायची, “मेव्हण्याने मारलंय! मेव्हणाच!” आणि दहातल्या आठ वेळा मेव्हणाच निघायचा. असा राग यायचा चेनवालीला!

पण कडी त्यासाठी नव्हती. नवरा दवाखान्यात शेवटच्या खाटेवर होता, तेव्हा एक खून दोन भागांत दाखवला होता. पहिला भाग त्याने पाहिला, दुसऱ्याची वाट बघत होता. मधल्या बुधवारी धाकटी भेटायला गेली आणि खाटेपाशी बसून सांगून आली, माळ्याने मारलं म्हणून. मालिकेतला एक मेकअपवाला तिच्याकडे दात दाखवायला यायचा, त्याच्याकडून तिने बातमी काढली असणार. चेनवाली औषधं घेऊन आली तर नवरा म्हणाला, “माळी आहे म्हणे. चला, मिटलं,” आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. गुरुवारी गेला. शुक्रवारच्या आशेवर टिकला असता माणूस, असं तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. तो दुसरा भाग तिने कधी पाहिला नाही. कडी का ठोकली, हेही धाकटीला कधी सांगितलं नाही. ज्याचं पाप त्याला कळतं.

फोनवर मालिकेच्या चाहत्यांचं मंडळ होतं. अध्यक्ष एक निवृत्त वीजमीटर तपासनीस, बोलायला लागले की रीडिंग थांबत नसे. त्यांनी फर्मान काढलं: प्रत्येकाने वाहिनीच्या कचेरीवर एकेक कडी पाठवायची. आपल्या घरच्या दाराची, वापरातली. दारं उघडी टाकू, पण मालिका बंद होऊ देणार नाही!

वाचून चेनवालीच्या अंगावर काटा आला. मग तिने घरातल्या कड्या मनात मोजल्या. पुढच्या दाराची काढून चालणार नाही. मोरीची तर नाहीच नाही. राहिली ती एकच. मशीनचा पेचकस छोटा पडला म्हणून सुरीच्या टोकाने तिने स्क्रू फिरवले. गंजलेले, करकरत निघाले. कडी हातात आली आणि दार, जमीन तिच्या बाजूला उतरती म्हणून, आपसूक उघडत उघडत भिंतीला टेकलं.

पलीकडे धाकटी सोफ्यावर पाय पसरून नखं कापत बसली होती.

“अगंबाई!” ती म्हणाली. “दरवाजे उघडले! काय काम काढलंत?”

“तुझ्याकडे काम काढायला मी काय वेडी झालेय? मालिकेसाठी कडी पाठवतेय.”

“मालिकेसाठी घराची कडी!” धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. “ऐकताय ना? उद्या पोलिसांची मालिका बंद पडली तर स्वतःला अटक करून घेतील.” मग मान वर करून पाहिलं. “आणि तो पंखा तरी पुरता पुसा. अर्धा गोरा, अर्धा काळा.”

“वहिनी, मी दाराला खुर्ची लावतो,” दीर पुटपुटला. जन्मभर तो दोन जावांच्या मध्ये खुर्चीच लावत आला होता.

“माझं दार मी बघते,” म्हणून चेनवालीने दुरुस्तीला आलेल्या बॅगांचं खोकं ओढून दाराला लावलं. रात्रभर ते इंच इंच सरकत राहिलं.

ठरल्या दिवशी मंडळी वाहिनीच्या फाटकापाशी जमली. अध्यक्षांनी सगळ्यांकडून जमवलेल्या कड्यांची गोणी उघडली. चेनवालीने आत डोकावून पाहिलं तर कड्या नुसत्या लखलखत होत्या. कित्येकींवर दुकानाची चिकटपट्टी तशीच.

“ही कुणाच्या दारची?” तिने एक उचलून विचारलं. मग दुसरी उचलली. “आणि ही? हिला तर अजून दार माहीत नाही!”

“अहो मावशी,” अध्यक्ष हसले, “ते सगळं शब्दशः नसतं घ्यायचं. भावना महत्त्वाची.”

“भावनेने दार लागत नाही हो! माझी परत द्या.”

“आता एकही काढता येणार नाही. मी आकडा जाहीर केलाय.”

“तुमच्या घरची कुठली ती दाखवा मग.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. “आमच्याकडे सगळी सरकती दारं आहेत.”

आणि यावर कडी म्हणजे फाटकावरचा पहारेकरी. गोणीला पाय लावून तो म्हणाला, “भंगार मागच्या फाटकाने.” अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. आतून एक मुलगी आली, सगळ्यांचा फोटो काढला, शेवटचा भाग ठरल्याप्रमाणे दाखवला जाईल असं गोड बोलून सांगितलं आणि गोणी मागच्या फाटकाला पाठवून दिली. चेनवाली रिकाम्या हाताने घरी आली. वाटभर तिने अध्यक्षांना जे काही म्हटलं ते देवाने ऐकलं असेल तर माफ करो, आणि नसेल ऐकलं तर उत्तम.

शेवटचा शुक्रवार उजाडला. खोकं सरकून दार पुन्हा पुरतं उघडलं होतं. संध्याकाळी दोन्हीकडच्या टीव्हीवर तोच इन्स्पेक्टर, तीच मिशी. आवाज एकात एक मिसळून घुमत होता. उठून दार लोटावं तर तेवढ्यात काही निसटायचं, म्हणून कुणीच उठेना. एका श्रीमंत बाईचा खून झाला होता. इन्स्पेक्टरने प्रेताभोवती फेरी मारली.

“वकील,” धाकटी म्हणाली. “लिहून घ्या. वकिलाने मारलंय.”

“गप्प बस, मेले! शेवटचा तरी बघू दे. त्यांना नाही बघू दिलास, आता मलाही देऊ नकोस!”

“कुणाला नाही बघू दिलं?”

“खाटेवरच्या माणसाला खुनी सांगून आलीस. शुक्रवारपर्यंत जगला असता तो! म्हणून ठोकली कडी, कळलं?”

धाकटीने पाय खाली घेतले. “म्हणजे वाटणीत भिंतीतलं कपाट आम्हाला आलं, कडी त्यावरून नव्हती?”

“कपाट घाल चुलीत!”

“नऊ वर्षं मी समजतेय कपाटावरून! अहो, दादांनीच विचारलं मला. म्हणाले, शुक्रवार काही मला दिसत नाही, तू ओळखतेस नेहमी, सांग कोण असेल. माणूस असं विचारतो तेव्हा काय सांगायचं, वाट बघा म्हणून?”

“तुला त्या मेकअपवाल्याने सांगितलं होतं.”

“तो? तोंडात कापूस कोंबून बसलेला माणूस सांगणार काय! मी आपली अंदाजाने बोलले, माळी. त्यांना बरं वाटलं.”

“अंदाजाने?” चेनवाली म्हणाली. “मग माळीच निघाला ना?”

धाकटी सोफ्याची उशी झटकायला लागली.

“अगं बोल ना!”

“नाही. डॉक्टर निघाला.”

“म्हणजे माझा नवरा चुकीचा खुनी घेऊन वर गेला?”

“दहातल्या दोन वेळा चुकते हो मी! आणि तुम्ही काय, नऊ वर्षांत एकदा विचारायचं नाही? तोंडाला काय टाके घातले होते? एरवी तर—”

“तू माझं तोंड काढू नकोस!”

“मग तुम्ही माझा अंदाज काढू नका!”

दोघींचा आवाज इतका चढला की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. भानावर आल्या तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती.

“खुनी कोण निघाला?” दोघींनी एकदम विचारलं.

“तुमच्या गोंगाटात ऐकू कुणाला आलं?” दीर म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा चिडून टीव्ही बंद करून निघून गेला.

त्या रात्री चेनवालीची प्रार्थना लांबली. निरोप तेवढा आखूड होता. “त्यांना सांग, माळी नव्हता. डॉक्टर होता. आणि आजचा मला माहीत नाही.”

सकाळी तिने स्टूल घेतलं आणि पंख्याचं उरलेलं दीड पातं पुसून टाकलं. पिशवी काखेत मारून निघाली तशी उघड्या दारातून धाकटी ओरडली, “कडी आणायला निघालात ना? स्क्रू आखूड आणा. मागच्यांची टोकं आमच्या बाजूला निघाली होती. नऊ वर्षं माझे कपडे फाटताहेत!”

“बघून चालावं माणसाने,” चेनवाली म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची कडी आणायची होती, आणि आखूड स्क्रू.