अकरा नंबरच्या खाटेचं अंडं

दामलेबाईंनी अकरा नंबरच्या खाटेवरची उशी उचलली, गादीखाली हात फिरवला आणि शेवटी पेशंटची पिशवीही रिकामी केली. एक लुगडं, फणी आणि अंगाऱ्याची पुडी निघाली. चोरून खाल्ल्याचा काहीच पुरावा न मिळाल्यामुळे त्यांचा संशय आणखी पक्का झाला. घरचे लोक संध्याकाळी काहीतरी आणून देत असणार, असं त्या मला पेशंटच्या देखत म्हणाल्या.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. दापोडीच्या बाजूला आमचं छोटंसं धर्मादाय हॉस्पिटल होतं आणि मी तिथे असिस्टंट डाएटिशियन होते. पेशंटने काय आणि किती खायचं हे ठरवणं आमचं काम. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसे. अर्धं हॉस्पिटल मला स्वयंपाकघरावरची बाई समजायचं. दामलेबाई माझ्या वरिष्ठ. हुशार, कामाला वाघ आणि अंगाने काटकुळ्या. लठ्ठ माणसाचा जिभेवर ताबा नसतो, हे त्यांचं ठाम मत होतं. स्वभावाला औषध नसतं म्हणतात, मताला तर नसतंच.

अकरा नंबरवर होत्या जवळच्याच माण गावच्या हौसाबाई. नवरा देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला, घरची थोडी भातशेती. अंगाने चांगल्याच भरलेल्या. अपेंडिक्स फुटून आल्या होत्या. डॉक्टर इनामदारांनी ऑपरेशन करून वाचवलं, पण नंतर टाके उसवले आणि जखम काही भरून येईना. पू थांबला होता. पेनिसिलिनचा कारखाना आता पिंपरीतच निघाला होता, इंजेक्शनं मिळत होती. मिळत नव्हतं ते अंडं.

ऑपरेशनच्या पेशंटला आम्ही एक्स्ट्रा डाएट देत असू, म्हणजे दूध, अंडी, घट्ट वरण. जखम भरायला प्रोटीन लागतं, भिंतीला विटा लागतात तसं. अंगावरची चरबी त्या कामाला येत नाही. हौसाबाईंच्या कागदावर मात्र दामलेबाईंनी लो डाएट लिहिलं होतं: वरणाचं पाणी, अर्धी भाकरी, उकडलेली भाजी. तिच्या अंगावर वर्षभराचा साठा आहे, म्हणत. दर सोमवारी वजन व्हायचं. ते उतरलेलं दिसलं की दामलेबाई खूश, नाही उतरलं की झडती. आजारपणाचा तेवढा तरी फायदा झाला, असं त्या हौसाबाईंना तोंडावर सांगायच्या.

एके सकाळी पाण्याचा तांब्या उचलताना तो हौसाबाईंना पेलला नाही आणि सगळं पाणी पांघरुणावर सांडलं. दिवसदिवस वाकून भात लावणारी बाई ती! दिसायला अजून तशीच भरलेली होती, पण आतली ताकद संपत आली होती. पोटात काही जातच नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डॉक्टर जखम पुन्हा शिवायचं म्हणत होते आणि दुसऱ्या ऑपरेशनातून ती उठेल की नाही, याची त्यांनाच खात्री नव्हती. मी हे दामलेबाईंच्या कानावर घातलं. तू फार हळवी आहेस, म्हणाल्या. मला राग आला. आणि राग आला की मी भांडत नाही, डाव टाकते.

शनिवारी डाएटची मीटिंग असायची. मी नाव, खाट, वजन, काही न सांगता केस मांडली. पोटाचं ऑपरेशन, टाके उसवलेले, जखम भरत नाही, हातातली ताकद गेलीय, आहार अर्धी भाकरी आणि वरणाचं पाणी.

"हे काय विचारणं झालं?" दामलेबाई मान वर न करता म्हणाल्या. "दूध, दोन अंडी, घट्ट वरण. उपाशी का ठेवलंय तिला?"

"अकरा नंबर," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, जिंकले.

"मग नको," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिचं वेगळं आहे."

इनामदार आतापर्यंत गुपचूप चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, वेगळं काय आहे? जखम तर तीच आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडून कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने एक्स्ट्रा डाएट लिहिलं. त्यानंतर बरेच दिवस दामलेबाई माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

पण आठवडा गेला तरी जखम होती तशीच. मला काही कळेना. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या शकूरबींनी मला हाक मारली. हाडाची काडं झालेली म्हातारी. "बेटी, ये अपना अंडा रोज मेरेकू देती. दूध भी देती. मैं ना बोली तो भी."

मी हौसाबाईंना विचारलं. आधी त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

"लाज वाटती, ताई," मग म्हणाल्या. "मी खाया लागले की समदी बघत्यात. बाईंनी तर उशी उचकली माजी. जखम न्हाई भरली तर न्हाई. पर माज्याच्यानं खाववत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. अंडं आम्ही कागदावर लिहिलं होतं, पण ते खायची तिची हिंमत आम्हीच काढून घेतली होती.

त्या दुपारपासून मी माझा डबा घेऊन तिच्या खाटेशी जेवायला बसू लागले. पहिल्या दिवशी तिने पदर पुढे ओढून, पाठ फिरवून दोन घास खाल्ले. मी माझ्या सासूबाईंच्या गोष्टी सांगत राहिले. हळूहळू पदर मागे गेला. मग एक दिवस तिने माझ्या डब्यातली मिरची मागून घेतली. जखम तळापासून लाल, ताजी दिसू लागली, आणि भरत आली. पुन्हा शिवावी लागली नाही.

घरी जायच्या दिवशी दामलेबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. "वजन वाढलंय," त्या नापसंतीने म्हणाल्या.

"व्हय बाई," हौसाबाई सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "जेवले न्हवं."

पुढे माझ्या हाताखाली नवीन मुली आल्या. त्यांना मी एवढंच सांगायची, की डाएट लिहून झालं की पेशंट ते खातोय का बघा, आणि खात नसेल तर कुणाच्या धाकाने, ते विचारा. बाकीचं सगळं पुस्तकात आहे.