दाजी शांत झाले

आमच्या दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, लॉन्ड्रीत सगळे ‘भडका’ म्हणायचे. वीस वर्षं इस्त्र्यांना वाफ पुरवणारा बॉयलर सांभाळला, पण त्यांच्यापेक्षा बॉयलर परवडला. राग सदैव नाकावर. जेवणात मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. भिरकावलेली ताटं गोळा करून ताईने किती वेळा भिंत पुसली, ते मी पाहिलंय.

कान मात्र असा, की पाण्याच्या पंपाचा सूर जरासा हलला तरी हातातला चहा टाकून शिव्या देत धावायचे. पाणी कमी झालं की वाजणारी घंटा केव्हाची बिघडली होती. भडका आहे म्हटल्यावर ती दुरुस्त करायची गरज मालकाला वाटली नाही. भिंतीपलीकडे इस्त्रीच्या टेबलांपाशी आम्ही चौदा जणी त्याच भरवशावर उभ्या असायचो.

डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचा धाक घातला, तेव्हा दाजी ध्यानाच्या वर्गाला जाऊ लागले. आत जे उठेल ते नुसतं बघा, त्याच्यामागे धावू नका, असं तिथले गुरुजी सांगायचे. दाजींनी अगदी मन लावून केलं. रोज पहाटे तासभर बैठक, आणि पुढे कामावरही सवड मिळेल तेव्हा. सहा महिन्यांत माणूस ओळखू येईना. आवाज खाली आला, शिव्या गेल्या. ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मीसुद्धा मनातल्या मनात गुरुजींना हात जोडले.

मग एकदा भाचीच्या हातावर उकळतं पाणी सांडलं. पोर किंचाळत होती आणि दाजी समोरच बसलेले. त्यांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला, सोडला, मग सावकाश उठले.

“बघितलंस, किती धीर आलाय त्यांना!” ताई नंतर म्हणाली. मला मात्र तो लांब श्वासच आठवत राहिला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, पंपाचा आवाज बारीक झाला. इतकी वर्षं ऐकून तेवढं मलाही कळायला लागलंय. मी हात थांबवला आणि पलीकडून शिव्यांची वाट पाहिली. काहीच ऐकू आलं नाही. इस्त्री तशीच टाकून मी धावले.

दाजी स्टुलावर ताठ बसले होते, डोळे मिटून. बॉयलरच्या काचेच्या नळीत पाण्याचा थेंब नव्हता. खाली जाळ भणभणत होता.

“दाजी, पाणी!”

“कळलंय,” ते डोळे न उघडता म्हणाले. “आवाज मघाशीच बदलला.”

मी लाल बटण दाबून जाळ बंद केला आणि पाण्याच्या कॉककडे झेपावले. तेव्हा कुठे ते उठले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. “आता पाणी सोडू नकोस. तापलंय, फुटेल.” हात गार होता, जराही थरथरत नव्हता.

“तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली की. बघितली. गेली.”

“अहो, पलीकडे आम्ही चौदा जणी होतो!”

“त्याही डोळ्यांपुढे आल्या,” दाजी शांतपणे म्हणाले.

बाकीच्या जणींना वाफ गेली एवढंच कळलं; खरं काय ते संध्याकाळी मी ताईला सांगितलं. तिने आधी दार लोटून घेतलं.

“मालकाला बोललीस?”

“उद्या सांगणार आहे.”

“नको सांगूस. नोकरी गेली तर दुसरी बघू, पण तुझे दाजी बैठकीलाच दोष देतील. मग सोडतील. मग पुन्हा तेच सगळं.” तिने माझा हात घट्ट धरला. “वीस वर्षांनी मी या घरात मोठ्याने हसायला लागलेय गं. माझ्यासाठी एवढं कर.”

मला तिचा राग आला, आणि तिच्याकडे पाहून रडूही आलं. शेवटी मी हो म्हणाले.

आज सकाळी कामावर गेले, तर बाकीच्या तेरा जणी आधीच टेबलांपाशी होत्या. शेजारणीने सहज विचारलं, “तुझे दाजी आहेत ना गं ड्यूटीवर?”

“आहेत,” मी म्हणाले आणि इस्त्रीच्या वाफेची कळ उघडली.