आधी व्याह्यांची गाडी

आमच्या घरात रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा मी पलंगावर बसून चहा पीत होतो.

(घाबरू नका. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लागलं ते फक्त मनाला.) गाड्या माझ्या नातीच्या कॉम्प्युटरमधल्या होत्या. तेजू तिचं नाव. तिला रेल्वेचा एक खेळ लागलाय. रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, गाड्या पळवायच्या. कोरेगावजवळच्या आमच्या घरात बसून पोरीनं त्या काचेत अख्खा सातारा आणि सांगली जिल्हा वसवला होता.

त्या दिवशी सांगलीहून आप्पा आले होते. आप्पा म्हणजे आमचे व्याही, सूनबाईचे वडील. कुपवाडला त्यांचा लेथचा छोटा कारखाना आहे. मागच्या खेपेला ते आमच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा टोपी-टॉवेलाचा आहेर मी आधी सरपंचाला केला आणि व्याह्यांना मागनं. झालं! मान मागं पडला म्हणून आप्पा पानावरनं उठले ते थेट सांगली! तेव्हापासून त्यांनी आमच्या घरात पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. सूनबाई माझ्याशी बोलायची, नाही असं नाही. पण माझ्या ताटात भाकरी वाढताना ती जरा उंचावरनं सोडायची.

सकाळीच तिनं मला बजावलं, "तात्या, आज आमचे आप्पा इथं जेवूनच गेले पाहिजेत. तुम्ही काही करू नका. नुसतं गप्प बसा."

गप्प बसायला मला कुणी शिकवायची गरज नाही, हे मी तिला चांगलं आप्पा दारात येईपर्यंत समजावून सांगितलं.

पुरण शिजायला वेळ होता. दोन म्हातारे नुसते समोरासमोर बसले तर टॉवेलाचा विषय निघणार, म्हणून तेजूनं आम्हाला तिच्या खेळापुढं बसवलं.

"ही उसाची गाडी तात्यांची, कोरेगावकडनं येणारी. ही लोखंडाची आप्पांची, कुपवाडची. दोघांचे रूळ इथं आडवे येतात. इथं क्रॉसिंग टाकायचंय. कोण टाकतं?"

"मी!" मी म्हणालो. चौथी नापास असलो म्हणून काय झालं? बाजारच्या दिवशी अडकलेल्या बैलगाड्या सोडवायला अख्खं गाव मला हाक मारायचं.

तिनं माझ्या हातात माउस दिला. पहिला रूळ कृष्णेत गेला. दुसरा कुणाच्या तरी देवळात घुसला. तेजू म्हणाली, "तात्या, हळू!" मी म्हणालो, "मी हळूच हाय, हेच पळतंय!" शेवटी एकदाची रुळावर रुळाची फुली बसली. आप्पांनीही मान हलवली. दोन वर्षांनी त्यांची मान माझ्या बाजूनं हलली!

"आता बघा," तेजू म्हणाली, "हा दिवा तात्यांच्या गाडीचा, हा आप्पांच्या. दोन्ही लाल आहेत. एका वेळी एकच हिरवा करायचा. एक गाडी गेली की मग दुसरी. मी आईला पोळ्या लाटू लागते."

पोरगी गेली. फुलीच्या अलीकडं माझी गाडी, पलीकडं त्यांची.

"पावणं, तुमची जाऊ द्या आधी," मी म्हणालो.

"छे, छे! तुम्ही मुलाकडचे. आधी तुमची."

"आवं, दारात आलेला पावणा आधी!"

"मुलाकडच्यांना थांबवून आमची गाडी काढू? सांगलीत तोंड कुठं दाखवू?"

"आणि पावण्याला उभं करून मी जाऊ? मला गावात तोंड न्हाई व्हय?"

इकडं आमची तोंडं सुटलेली, तिकडं गाड्या तुंबलेल्या. माझ्या गाडीमागं दुसरी आली, त्यांच्याही गाडीमागं दुसरी. सगळ्या स्टेशनांवर खोळंबलेल्या प्रवाशांची बारकी बारकी लाल तोंडं दिसायला लागली. मला वाटलं, उन्हानं झाली असतील.

"आप्पा," मी म्हणालो, "तुमची गाडी आता हलली न्हाई, तर मी समजीन तुमच्या पोटात अजून राग हाय."

"आणि हलली तर तुम्ही चार माणसांत म्हणाल, पावण्यानं मान हिसकावून घेतला!"

"मी असं कवा म्हणलो?"

"म्हणत नाही हो तुम्ही. करता! त्या टॉवेलाच्या वेळी…"

आता गप्प बसणं माझ्या ताकदीबाहेर होतं. (तसं ते कधीच नव्हतं ताकदीत.) मी माउस धरला आणि त्यांचा दिवा हिरवा करून टाकला. "घ्या! गेली तुमची आधी!" आणि विजयानं चहाचा कप उचलला.

आप्पांनी माउस ओढला आणि माझाही दिवा हिरवा केला. "घ्या! आता बघू कोण आधी जातं!"

दोन्ही गाड्या सुटल्या. दोघीही मानानं निघाल्या आणि बरोबर फुलीवर भेटल्या.

धडाम! ऊस आभाळात, लोखंड शेतात, सगळीकडं धूर!

"बोलावून घेऊन गाडी पाडली माझी!" आप्पा उठले.

"मग माझी काय उभी हाय व्हय?"

आप्पा टोपी शोधायला लागले. दारात सूनबाई लाटणं घेऊन उभी होती. तिनं आप्पांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. लाटण्याकडं मी बघितलं.

तेजू धावत आली. "कुणी केलं हे?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं.

ती कपाळाला हात लावून बसली. "आता क्रेन येऊन डबे उचलेपर्यंत काहीच हलणार नाही."

आप्पांचा टोपीचा हात थांबला. "म्हणजे माझं इंजिन तोवर असंच आडवं?"

"हो."

"पडलेलं मशीन टाकून मी जातो होय?" असं म्हणून ते परत बसले आणि खुर्ची काचेजवळ ओढली. "कुठनं येतीय तुमची क्रेन? मिरजेकडनं?"

सूनबाई शहाणी. गुपचूप ताट आणून तिनं बापाच्या पुढ्यात सरकवलं. क्रेनवरची नजर न काढता आप्पांनी पोळी मोडली, आमटीत बुडवली, तोंडात टाकली. "दोर बारीक आहे हो क्रेनचा," म्हणत आणखी एक मोडली. सूनबाईनं डोळ्याला पदर लावला. मी तोंड उघडणार होतो. तेजूच्या आजीनं, आमच्या म्हातारीनं, मागनं येऊन त्यात अख्खी पोळी कोंबली.

डबे उचलून झाले. तेजू म्हणाली, "आता क्रॉसिंग बास. पूल बांधते. एक रूळ वरनं, एक खालनं. वरनं कुणाचा?"

म्हातारीनं दुसरी पोळी हातात तयार धरली.

आप्पांनी हात पुसले. "वरनं तात्यांचा. मुलाकडच्यांचा मान वरचा. आम्ही आपले खालनं जातो."

"आता तुमी एवढा आग्रहच करता म्हणल्यावर…" मी म्हणालो. छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ओढायला लागलं. आप्पांनी आणखी एक पोळी मागून घेतली. संध्याकाळी जाताना तर ते हसतसुद्धा होते. एवढं का हसतात, ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी तेजूनं खेळ उघडला, तेव्हा कळलं. व्याह्यांच्या गाड्या पुलाखालनं सपाट रुळावरनं सुसाट सांगलीला निघालेल्या. माझी उसाची गाडी पुलाच्या चढाला लागते, निम्म्यावर धापा टाकते आणि तिथंच अडून बसते.

"तात्या, अदलाबदल करू का?" तेजूनं विचारलं.

"अजिबात न्हाई!" मी म्हणालो.

आज महिना होत आला, माझ्या उसाचं एक कांडं साखर कारखान्याला पोचलेलं नाही. सगळा ऊस वाटेतच वाळतोय. पण वाळतोय तो व्याह्यांच्या वर!